जेल नेल्स : नख बिघडतं ते लावताना कमी, काढताना जास्त

लग्नसराईत पार्लरमधून बाहेर पडताना जेलची नखं काचेसारखी चकाकतात आणि दोन-अडीच आठवडे तशीच राहतात. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. नखं कागदासारखी पातळ झाली, पांढरे चट्टे पडले, गरम पाण्यात हात घातला की झोंबतं, कडेची कातडी खाजते. खोलात गेलं तर बहुतेक वेळा दोनच कारणं हाती लागतात: जेल ओरबाडून काढलेलं असतं, नाहीतर अर्धवट सुकलेलं जेल कातडीला लागलेलं असतं. दोन्ही टाळता येतात, पण त्यासाठी हा प्रकार मुळात काय आहे ते माहीत हवं.

आधी प्रकार ओळखा

साधं नेलपॉलिश वाळतं कारण त्यातला द्रावक हवेत उडून जातो. जेलचं तसं नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट कुळातली रसायनं असतात आणि प्रकाश पडताच त्यांना कामाला लावणारा एक घटक असतो. पार्लरमधल्या यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाच्या खास दिव्याखाली हात धरला की छोटे रेणू एकमेकांत गुंतून प्लास्टिकची घट्ट जाळी तयार होते. याला पार्लरच्या भाषेत क्युअर होणं म्हणतात.

जेल पॉलिश हा त्यातला सगळ्यात हलका प्रकार. आपल्याच नखावर रंगाचे पातळ थर, आणि काढायला अ‍ॅसिटोन पुरतं. सीएनडी कंपनीचं 'शेलॅक' नावाचं जेल पॉलिश २०१० मध्ये आलं आणि हा प्रकार घरोघरी पोचला. बिल्डर जेल जाड असतं, नखाला बळकटी किंवा लांबी द्यायला वापरतात. काही बिल्डर जेल अ‍ॅसिटोनमध्ये सुटतात, काही सुटत नाहीत. हार्ड जेल तर अ‍ॅसिटोनला दादच देत नाही, ते फाइलने किंवा मशीनने घासूनच उतरवावं लागतं. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पावडर आणि लिक्विड कालवून केलेली नखं. त्याला दिवा लागत नाही, वास मात्र खोलीभर पसरतो. पुष्कळ ठिकाणी या सगळ्यांना सरसकट 'जेल एक्स्टेंशन' म्हणतात. म्हणून लावून घेण्याआधीच विचारा: हे अ‍ॅसिटोनने निघतं का? उत्तर नीट मिळालं नाही तर तिथे लावूच नका, कारण काढायची वेळ आली की तेच उत्तर लागणार आहे.

लावताना कुठे चुकतं

पार्लरमध्ये बऱ्याचदा आधी कोमट पाण्यात हात बुडवून मॅनिक्युअर आणि लगेच त्यावर जेल असा क्रम असतो. हा क्रम चुकीचा. नख पाणी शोषून घेतं आणि किंचित पसरतं. त्यावर जेल बसलं की पुढच्या काही तासांत नख वाळून पूर्वीच्या आकाराला येतं, जेल मात्र जागचं हलत नाही. कडा सुटायला सुरुवात होते ती इथून. जेल लावायचं असेल तर कोरडं मॅनिक्युअर करून घ्या किंवा दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

तयारी अशी. नखाच्या मुळाशी चिकटलेला मेलेला पापुद्रा लाकडी काडीने हलकेच मागे सारायचा. जिवंत कातडी कापायची नाही, तिथूनच नखुरडं होतं. मग २४० ग्रिटच्या बफरने, म्हणजे नख घासायच्या मऊ ठोकळ्याने, नखाची फक्त चमक घालवायची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितका पृष्ठभाग बारीक). दोन-तीन हलके हात पुरे. घासताना ऊब जाणवली तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त घासलं आहे. मग न तुटणाऱ्या, धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन नख पुसायचं आणि त्यानंतर नखाला बोट लावायचं नाही. केसांतून एकदा हात फिरवला तरी तेलाचा अंश लागतो, आणि तेवढ्या जागी जेल धरत नाही.

बेस कोट साध्या नेलपॉलिशपेक्षाही पातळ हवा. कातडीपासून साधारण १ मिलिमीटर जागा सोडायची आणि नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवून ती बंद करायची. जेल कडेच्या कातडीवर सांडलं तर दिव्यात हात घालण्याआधी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसून काढायचं. 'राहू दे, नंतर कापू' हे चालत नाही. ते नखाला आणि कातडीला धरून एकत्र घट्ट होतं, कातडी हलली की उचललं जातं, आणि अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो तो वेगळाच. बेस क्युअर झाला की रंगाचे दोन पातळ थर, प्रत्येक थर वेगळा क्युअर करून, आणि शेवटी टॉप कोट. एकच जाड थर देऊन वेळ वाचवायला गेलं की वरचा पापुद्रा आधी आवळतो, आतलं जेल ओलं राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. काळा, पांढरा आणि गडद निळा रंग प्रकाश अडवतात, त्यांचा थर आणखी पातळ हवा.

चिकट थराबद्दल बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. पुष्कळ टॉप कोट क्युअर झाल्यावरही वरून चिकट लागतात. हवेतला ऑक्सिजन अगदी वरच्या थराला क्युअर होऊ देत नाही, म्हणून तसं होतं. हा थर म्हणजे कच्चं जेल. तो पुसताना अल्कोहोलचा कपडा मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढायचा आणि प्रत्येक बोटाला कपड्याची नवी बाजू घ्यायची. दहाही बोटांना एकच कापूस गोल गोल फिरवला की कच्चं जेल सगळ्या बोटांच्या कातडीला माखून ठेवल्यासारखं होतं.

दिवा

दिव्याच्या खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा दिवा किती वीज खातो ते सांगतो. जेल नीट क्युअर होईल की नाही हे त्यावरून कळत नाही. जेलमधला घटक ज्या तरंगलांबीला जागा होतो तीच दिव्याने द्यायला हवी. एलईडी दिवे साधारण ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश देतात, जुने ट्यूबवाले यूव्ही दिवे ३६५च्या आसपासचा. ट्यूबवाल्या दिव्यात एका थराला दोन मिनिटं लागतात, चांगल्या एलईडीत ३० ते ६० सेकंद. एका कंपनीचं जेल आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेला दुसराच दिवा ही जोडी फसवी असते. अर्धवट क्युअर झालेलं जेलही वरून कडक लागतं, चकाकतं. हाताला काहीच जाणवत नाही, आणि आतली कच्ची रसायनं नखावर तशीच राहतात. म्हणून जेल बनवणारी कंपनी जो दिवा आणि जेवढा वेळ सांगते तोच घ्यावा. ट्यूब जुन्या झाल्या की मंदावतात, त्या बदलाव्या लागतात. एलईडीच्या मण्यांवर जेलचे शिंतोडे उडाले असतील तर तेवढ्या भागात उजेड कमी पडतो.

अंगठ्याकडे नीट बघा. चार बोटं दिव्यात सपाट बसतात, अंगठा तिरका पडतो आणि त्याच्या एकाच बाजूला उजेड मिळतो. सगळ्यात आधी जेल सुटतं ते बहुधा अंगठ्याचंच, ते यामुळे. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, नखं वर करून, वेगळे क्युअर करायला सांगा.

दिव्यात अचानक चटका बसला तर हात लगेच बाहेर काढा, दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा घाला. क्युअर होताना उष्णता सुटते. थर जाड असेल किंवा नख आधीच पातळ झालं असेल तर ती जास्त जाणवते. 'थोडं सहन करा, होतंच असं' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नये. त्या उष्णतेने नख खालच्या मांसापासून सुटू शकतं.

काढणं

नख म्हणजे केराटिनच्या चपट्या पेशींचे एकावर एक थर, सगळे मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर. जेल चिकटतं ते वरच्या थराला. कड थोडी उचलली गेली की बसल्या बसल्या नखाने ती ओढायचा मोह होतो, आणि जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रेही निघून येतात. निघालेला तुकडा उलटा करून बघा: आतल्या बाजूला पांढरट, भुकटीसारखा थर दिसतो. ते तुमचं नख आहे. पातळ झालेलं नख जास्त वाकतं, त्यावर लावलेलं पुढचं जेल लवकर उचललं जातं, मग ते पुन्हा ओढलं जातं. असे तीन-चार फेरे झाले की नख कपड्यात अडकून फाटायला लागतं.

जेल पॉलिश घरी काढायला अर्धा तास राखून ठेवा. लागतं ते इतकं: शुद्ध अ‍ॅसिटोन, कापूस, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे ८-१० सेंटिमीटरचे दहा चौकोन, १८० ग्रिटची फाइल, व्हॅसलिन, लाकडी काडी आणि तेल. 'अ‍ॅसिटोन-फ्री' रिमूव्हरने जेल निघत नाही. अ‍ॅसिटोन स्टीलच्या वाटीत घ्या आणि खाली स्टीलचं ताट ठेवा. थर्माकोल त्यात विरघळतं, काही प्लास्टिक मऊ पडतात आणि टेबलाचं पॉलिश उतरतं. सगळ्यात महत्त्वाचं, हे काम स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ करू नका. अ‍ॅसिटोनची वाफ चटकन पेट घेते. गॅस, निरांजन, उदबत्ती, काहीही जवळ पेटलेलं नको. खिडकी उघडी ठेवा.

१. फाइलने फक्त टॉप कोटची चमक घालवा. रंग दिसत राहिला पाहिजे. नख दिसायला लागलं तर थांबा. टॉप कोट अखंड असेल तर अ‍ॅसिटोन आत शिरत नाही, म्हणून ही पायरी गाळायची नाही.

२. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावा. नखावर नको.

३. नखाएवढाच कापसाचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा आणि फॉइलने घट्ट गुंडाळा. मोठा कापूस घेतला तर अख्खं बोट भिजतं आणि कातडी पांढरीफटक पडते.

४. १० ते १५ मिनिटं थांबा. थंडीत वेळ जास्त लागतो. फॉइल गुंडाळलेला हात गरम टॉवेलमध्ये धरला तर काम लवकर होतं. अ‍ॅसिटोन मात्र कधीही तापवू नका.

५. एका वेळी एकच बोट उघडा. जेल फुगून, सुरकुतून वर आलेलं दिसेल. काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकला. न जोर लावता निघालं तेवढंच काढायचं. चिकटून राहिलं तर नवा कापूस लावून आणखी पाच मिनिटं. सगळी बोटं एकदम उघडली तर अ‍ॅसिटोन उडून जातं आणि मऊ झालेलं जेल पुन्हा घट्ट होतं. मग सुरू होतं खरवडणं, आणि नुकसान होतं ते तिथेच.

६. साबणाने हात धुवा, पुसा, नखांना आणि कातडीला तेल चोळा. घरचं खोबरेल तेल पुरतं.

पंधरा मिनिटांनीही जेल जसंच्या तसं राहिलं तर ते हार्ड जेल असण्याची शक्यता जास्त. तिथे घरच्या घरी हट्ट करू नये. पार्लरमध्येही मशीनने उतरवताना शेवटचा पातळ थर नखावर राहू द्यायला सांगा. तो वाढत वाढत पुढे जाऊन कापला जातो. मशीन एकाच जागी टेकवून धरली की नखावर मुळाजवळ लालसर कंगोऱ्यासारखी रेघ उमटते आणि दाबलं की दुखते. तेवढ्या पट्ट्यात नख जवळजवळ भेदलं गेलेलं असतं.

खाज सुटली तर

ओरबाडलेलं नख सहा महिन्यांत नवं येतं. अ‍ॅलर्जी मात्र एकदा जडली की सहसा आयुष्यभराची. क्युअर न झालेलं अ‍ॅक्रिलेट पुन्हा पुन्हा कातडीला लागत राहिलं की शरीर त्याला शत्रू मानायला लागतं. यातलं सगळ्यात बदनाम रसायन म्हणजे हेमा. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली आहेत, आणि ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच, विशेषतः घरगुती किटबद्दल, जाहीर इशारा दिला होता. बाटलीवर 'हेमा-फ्री' लिहिलेलं असलं तरी बाकीची अ‍ॅक्रिलेट आत असतातच, एवढं ध्यानात ठेवा.

लक्षणं लगेच दिसत नाहीत, एक-दोन दिवसांनी दिसतात, म्हणून संशय भांडी घासायच्या साबणावर जातो. नखाभोवती खाज, बारीक पाणीदार पुरळ, बोटांची टोकं फुटणं, नख उचललं जाणं. कधी पापण्या सुजतात किंवा मानेवर चट्टे येतात, कारण आपण बोटं तिथे लावतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं जेल वापरून बघणं हा सगळ्यात वाईट उपाय. जेल काढून टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना बाटलीचा किंवा घटकांच्या यादीचा फोटो न्या. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, पट्ट्या दोन दिवस राहतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा तपासणी होते. अ‍ॅलर्जी निघाली तर ते दाताच्या डॉक्टरांना आणि सांध्याच्या शस्त्रक्रियेआधी हाडांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. दातात भरायचं दातरंगी सिमेंट आणि हाडाचं सिमेंट याच कुळातल्या रसायनांपासून बनतं.

रोज दहा जणींची नखं करणाऱ्या पार्लरमधल्या मुलींना हा धोका गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त. लॅटेक्सच्या पातळ हातमोज्यांतून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे त्यामानाने बरे, पण तेही जेल लागताच बदलायचे. फाइलची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क आणि टेबलावर धूळ ओढणारा पंखा हवा.

बाटलीवर वाचायचा आणखी एक घटक म्हणजे टीपीओ. प्रकाश पडताच क्युअर सुरू करून देणारं हे रसायन प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननाला घातक ठरलं, म्हणून १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. तिथे न खपलेला माल दुसरीकडे स्वस्तात निघू शकतो, म्हणून नवी बाटली घेताना घटक वाचलेले बरे.

दिव्याचा प्रकाश आणि कातडी

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'जेल नेल्समुळे कॅन्सर' असे मथळे फिरले. अभ्यास प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवर होता. सलग २० मिनिटांच्या एका प्रकाशात २० ते ३० टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांच्या डीएनएत बिघाड दिसले. प्रत्यक्षात एलईडी दिव्यात एका हाताला चार-पाच मिनिटं प्रकाश मिळतो, आणि बशीतल्या पेशींवर कातडीचं आवरण नसतं. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं हात दिव्यात घालणाऱ्यांनी काळजी घ्यावी. बोटांची टोकं उघडी ठेवणारे जाड विणीचे हातमोजे सगळ्यात सोपे. सनस्क्रीन लावायचं तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, २० मिनिटं आधी, आणि मग नखं अल्कोहोलने पुसून. नाहीतर क्रीम नखावर राहून जेल सुटतं. डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला हळवं करणारी औषधं चालू असतील तर दिवा टाळावा.

वापरताना

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी २ मिलिमीटरची फट पडते आणि वजन टोकाकडे सरकतं, त्यामुळे लांब नख आपटलं की खालच्या मांसासकट उचकटतं. तीन आठवडे ही कमाल मर्यादा धरा.

हळदीचा डाग फिक्या जेलवर हमखास बसतो. हाताने जेवणाऱ्यांनी आणि फोडणी देणाऱ्यांनी पांढरा किंवा बेबी पिंक घेताना विचार करावा. कणीक मळल्यावर एक्स्टेंशनखाली पीठ अडकतं, ते मऊ ब्रशने काढा. सुईने कोरलं की नख सुटतं. मेंदीच्या दिवशी लागणारं निलगिरी आणि लवंगेचं तेल नखावर राहिलं तर नंतर लावलेलं जेल टिकत नाही, म्हणून नवरीने जेल आधी लावून घ्यावं आणि मेंदी नखांपासून दूर ठेवावी.

कड सुटली की तिथे पाणी साचतं. नखावर हिरवट डाग दिसला तर बुरशी समजून घाबरू नका. बहुधा स्युडोमोनस नावाचे जिवाणू असतात, ओलाव्यात वाढणारे. पण त्यावर नवा रंगही चढवू नका. सगळं जेल काढा, नख कोरडं ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि त्या नखाला वापरलेली फाइल फेकून द्या. पार्लरमध्येही फाइल दर गिऱ्हाइकाला नवी हवी आणि लोखंडी अवजारं ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली. निळ्या दिव्याच्या पेटीत अवजारं नुसती ठेवल्याने ती निर्जंतुक होत नाहीत.

रुग्णांची हाताने काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची सूचना स्पष्ट आहे: कृत्रिम नखं नकोत, स्वतःचं नखही टोकाला अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान एका हाताच्या दोन बोटांचं जेल आधीच काढून जा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद रंगातून चुकीचा आकडा दाखवू शकतं, आणि ऑपरेशनच्या सकाळी फॉइल गुंडाळत बसायला वेळ नसतो.

बिघडलेलं नख परत आणताना

'नखांना श्वास घेऊ दे' हे ऐकायला छान वाटतं, पण नख मेलेल्या पेशींचं असतं. ते श्वास घेत नाही, त्याचं पोषण मुळाशी रक्तातून होतं. मधे खंड घ्यायचा तो खराब भाग वाढून पुढे जावा आणि खाली काय झालंय ते दिसावं म्हणून. पांढरे चट्टे दिसले तर तेल लावा: चट्टा विरला तर नुसता कोरडेपणा होता, तसाच राहिला तर तिथला थर निघालेला आहे. अशी नखं बोटाच्या टोकाबरोबर आखूड ठेवा, बफर अजिबात लावू नका, भांडी घासताना हातमोजे घाला, दिवसातून दोनदा तेल चोळा. मुळाशी नवं, गुळगुळीत नख दिसायला महिना-दीड महिना लागतो. हाताचं अख्खं नख बदलायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष. मशीनची लाल रेघ दर महिन्याला तीन मिलिमीटर पुढे सरकताना दिसेल. ती कापली जाईपर्यंत त्या बोटाला जेल लावू नका.